बुटकी गाडी आणि ह्यांचे गुडघे

माझ्या नवऱ्याला उजव्या डोळ्याने बाजूचं दिसेनासं झालं, तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवायला सरळ मनाई केली. अमरावतीहून नोकरीसाठी भोपाळला आलेला, कारखान्यात मशीनवर हयात गेलेला हा माणूस. स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, मलाही नाही. अवधपुरीत आमच्या फाटकापाशी रिक्षातून उतरल्यावर हे म्हणाले, "आता तू शीक."

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्याबरोबरच्या मुली कॉलेजातल्या. माझी गाडी चौकात बंद पडली की मागच्या सीटवरून "आंटीजी, फिर से!" म्हणून ओरडायच्या. चार महिन्यांनी मी बिट्टन मार्केटला एकटी जाऊन भाजी आणायला लागले. पण आमची जुनी गाडी आता महिन्यातले दहा दिवस गॅरेजमध्येच असायची. ती काढून नवी घ्यायचं ठरलं.

मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला. "आई, छोटी एसयूव्ही घ्या. उंच असते. बाबांना चढायला-उतरायला सोपं जाईल."

मलाही ते पटलं. ह्यांचे दोन्ही गुडघे वर्षभर दुखत होते. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायामांचा कागद दिला होता, तो फ्रिजवर चुंबकाखाली लटकून पिवळा पडत चालला होता.

शोरूममध्ये एसयूव्ही चालवून पाहिली. छान होती. गॅलरीत बसल्यासारखं सगळा रस्ता दिसत होता. पक्कं करूया म्हणून मी उतरले, तर शेजारी एक लाल हॅचबॅक उभी. बुटकी, रुंद चाकांची, आत्ता उडी मारेल अशी. मी नुसती तिच्या टपावरून हात फिरवला.

"ती पण चालवून बघ," हे म्हणाले.

"कशाला? पोरांची गाडी आहे ती."

"बघायला काय जातं?"

सेल्समनने किल्ली ह्यांच्यापुढे धरली. "चलाएँगी ये," हे म्हणाले, "मैं तो सवारी हूँ."

शाहपुऱ्याच्या तळ्याकडचा रस्ता दुपारचा मोकळा होता. मी तिसरा गिअर टाकला, पाय जरासा दाबला, आणि गाडी अशी निघाली की मला एकदम हसू फुटलं. चांगलं मोठ्याने. ह्यांनी खिडकीवरची मूठ घट्ट धरली होती.

"काय झालं?"

"काही नाही. पळते हो ही!"

परत आलो. मी उतरून सेल्समनशी बोलत राहिले, पण हे काही उतरेनात. बघते तर बेल्टशी उगाच चाळा चाललेला. दोनदा दरवाज्याला धरून उठायला गेले, दोनदा खाली बसले. शेवटी सेल्समनने काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला.

घरी येऊन मी म्हटलं, "एसयूव्ही बुक करते."

"का? मी काय गव्हाचं पोतं आहे, माझ्या सोयीने गाडी घ्यायला?"

"अहो, रोज बसायचंय तुम्हाला."

"आणि रोज चालवायचीय तुला!"

त्या दिवशी जेवताना आम्ही दोघंही फक्त आमटीशी बोललो.

दोन दिवसांनी सेल्समनचा फोन आला. "मैडम, सर आए थे। फीता लेकर। सीट की ऊँचाई नापकर गए।" मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून आकडे ऐकू आले. "सात... आठ..." डोकावले, तर हे एका बुटक्या स्टुलावर बसत होते, उठत होते. स्टुलावर फळ्या ठोकून त्याची उंची बरोबर त्या सीटइतकी केलेली. फ्रिजवरचा कागद समोर भिंतीला चिकटवलेला.

"हे काय चाललंय?"

"मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकते."

ज्या व्यायामासाठी मी वर्षभर घसा कोरडा केला होता, तो हे आता सकाळ-संध्याकाळ करू लागले. पहिल्या आठवड्यात कण्हत होते. तिसऱ्या आठवड्यात मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवायला लागले.

महिन्याभराने मला शोरूममध्ये घेऊन गेले. लाल गाडीत बसले. मग दोन्ही पाय एकदम बाहेर वळवले, दरवाज्याची चौकट धरली आणि उठले. पहिल्यांदा जमलं नाही. त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्यांदा सरळ उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि सेल्समनला म्हणाले, "अब मैडम से पूछो, रंग कौन-सा।"

मी नुसतं लाल गाडीकडे बोट दाखवलं.

याला आता दोन वर्षं होतील. थंडीत गुडघे आखडतात तेव्हा मी गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला जाते, हात पुढे करते, आणि हे तो मुकाट्याने धरतात. गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नाला अमरावतीला मीच गाडी नेली. बैतूलच्या अलीकडच्या घाटात हे पायाखाली नसलेला ब्रेक सारखा दाबत होते. मांडवात मात्र जो भेटेल त्याला सांगत सुटले, "हिने आणली, एकटीने. घाटात दोन ट्रक मागे टाकले!"

त्यातला एक ट्रक पंक्चर होऊन कडेला उभा होता.