गाठीचा कौल

उजव्या स्तनातली गाठ आंघोळ करताना हाताला लागली तेव्हा ती चण्याएवढी होती. पाऊस सरेपर्यंत सुपारीएवढी झाली. पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. गाठ साधी दिसते, निकाल आल्यावर त्या म्हणाल्या, पण वाढते आहे, तेव्हा काढून अख्खी तपासलेली बरी. मोठी चिरफाड नको, टाके नकोत. भूल फक्त तेवढ्या जागेला. एक जाड सुई आत घालायची आणि यंत्राने गाठ थोडी थोडी ओढून घ्यायची. संध्याकाळी घरी. त्यातला ‘दिसते’ हा एकच शब्द घेऊन मी डिचोलीच्या बसमध्ये चढले.

घरी सासूबाई म्हणाल्या, आधी देवाचा कौल घेऊ. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, काहीच कौलाशिवाय होत नाही. भटजी गाऱ्हाणं घालून देवापुढे आपलं म्हणणं मांडतात, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझी पाळी होती, म्हणून त्या एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. डावी पडली होती.

नवरा खाणीवर सुपरवायझर. दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणारा माणूस, पण आईपुढे आणि देवापुढे त्याचं तोंड उघडत नाही. थोडे दिवस थांबू, म्हणाला. मी तारीख पुढे ढकलली आणि आतल्या आत जळत राहिले. गाठ माझी, भीती माझी, आणि निर्णय पाकळीचा! पण मीही त्याच देवाला हात जोडत वाढलेली. नकार डावलून गेले आणि काही वाईट निघालं तर? शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की गाठ आणखी वाढली का, एवढंच डोक्यात यायचं. पोरांवर उगाच खेकसायचे.

अशात बाजारात भटजी भेटले. नारळ वाजवून बघता बघता त्यांनी आपुलकीने विचारलं, “पाठीवरची गाठ कशी आहे?”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. बाजार तसाच टाकून घरी आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. देवाला माझ्या पाठीचं का सांगितलंत, मी विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“बापये बसलेले असतत थंय,” त्या म्हणाल्या. “तेंच्यासमोर कसा सांगू?”

म्हणजे देवळातल्या पुरुषांच्या लाजेपायी माझी गाठ छातीतून पाठीवर गेली होती, आणि देवाचा नकार होता तो पाठीला. हसू यायला हवं होतं. मी रडले, तेही रागाने. त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

“देवाक मी फसयलंय. तू जा. पाप माझ्या माथ्यार.”

नवी तारीख घ्यायला मी फोन केला तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या.

गाठ काढायच्या दिवशी मी पूर्ण शुद्धीत होते. इंजेक्शनने जागा बधिर झाली. सुई दुखली नाही, पण आत काहीतरी ओढलं जातंय हे कळत होतं, आणि दर ओढीला यंत्र घरघरायचं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या, मी त्यांच्या कपाळाकडे. आठी पडते का, एवढंच. पडली नाही, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होतं? मग नर्स त्या जागेवर हात दाबून उभी राहिली आणि तिने घट्ट पट्टा बांधला. परतताना रस्त्यात खड्डा आला की सासूबाई माझ्या छातीपुढे आपला हात आडवा धरायच्या.

रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही. गाठ साधीच होती, आणि पूर्ण निघाली होती. नवऱ्याने कागद दोनदा वाचला आणि मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं.

सोमवारी आम्ही दोघी नारळ घेऊन देवळात गेलो. सभामंडपात नेहमीसारखे पुरुष बसलेले. भटजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, की सुनेच्या पाठीवरची गाठ बरी झाली म्हणून... सासूबाईंनी त्यांना थांबवलं. त्यांचा आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा होता.

“पाठीर न्हय, भटजी. छातीत. माझ्या सुनेच्या छातीत गाठ होती.”

कुणी खोकलं, कुणी उगाच वर पंख्याकडे बघितलं. भटजींनी नारळ नीट धरला आणि गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं.