गरब्याला शेवट लावणारे गृहस्थ

शेजारधर्माविरुद्ध एका माणसाला जितके गुन्हे करता येतात तितके सगळे, कोणताही द्वेष मनात न ठेवता, आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी केले, असे मी आजही शपथेवर सांगेन. द्वेष नव्हता, हीच खरी अडचण. हेतू सिद्ध होत नसेल तर फिर्याद लंगडी पडते, हे सुरतेच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून उभी हयात काढलेल्या मला कोणी सांगायला नको होते.

गृहस्थ मूळचे धुळ्याकडचे, बँकेत नोकरीला. साठच्या दशकात ते आमच्या डोक्यावर राहायला आले, ते एक जुने ॲकॉर्डियन पोटाशी धरूनच. उजव्या हाताने चाल वाजवायची आणि डाव्याने तिच्याखाली कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम दाबून दिलेला टेकू. आपल्या पारंपरिक नाचाच्या चालींना हा टेकू कोणी दिलाच नाही, त्या बिचाऱ्या पिढ्यानपिढ्या अधांतरी उभ्या आहेत, अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि तो अन्याय निवारण्याचे काम त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतले होते. गरब्याच्या चाली तर सोडाच, खाली भाजीवाली ओरडली तरी वरून तिला कॉर्ड मिळे. खानदेशातल्या लग्नातला नाच वाजवायला घेतला की पायानेही ठेका सुरू होई, आणि आमच्या छताचा चुना माझ्या चहात पडे.

मी त्यांना रीतसर, कलमवार नोटिसा दिल्या. ते गॅलरीतून वाकून पोच देत.

"नाना, नोटीस मिळाली. फार सुरेख लिहिता हो तुम्ही! आता एवढंच सांगा, ही ओळ घरी, म्हणजे मूळ स्वरावर, परत येते, की उंबऱ्यावरच थांबते?" आणि ओळ वाजवून दाखवत.

"ती माझ्या घरात येते, हीच माझी तक्रार आहे!"

"म्हणजे घरी येते," असे म्हणून ते समाधानाने आत जात. माझाच जबाब माझ्याविरुद्ध वापरण्याची ही हातोटी मी वकिलांतही क्वचित पाहिली.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. घरमालकीण जशीबेन यांच्या अंगणात नवरात्रात बायकांचा गरबा होई, त्याला साथ करायची. तेथे ढोलक, टाळ्या आणि गळे यांखेरीज कशालाही प्रवेश नव्हता. वर्षानुवर्षे आर्जवे केल्यावर एकदाच्या जशीबेन विरघळल्या. अष्टमीला गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून अंगणात खुर्चीवर बसले. फेर सुरू झाला. टेकू कानाला गोड लागत होता, हे मी नाइलाजाने नमूद करतो. पण कडवे संपताच त्यांनी असा भरदार, पूर्णविरामासारखा कॉर्ड दिला की बायकांना गाणेच संपले असे वाटले. हात खाली आले, फेर थांबला. पुन्हा सुरुवात, पुन्हा पूर्णविराम, पुन्हा फेर ठप्प. शेवटी मागची बाई पुढचीवर आदळली.

"अरे भाई, गरबो ऊभो रही गयो!" जशीबेन कडाडल्या. मातेचा फेर मध्येच तुटला होता. "ए पेटी घेर लई जाव, ने काले आवता नहीं!" पेटी घरी न्या आणि उद्या येऊ नका, असा सरळ हुकूम.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली ओरडून गेली. वरून कॉर्ड आला नाही. ज्या शांततेसाठी मी इतकी शाई खर्च केली होती ती मिळाली, आणि चहा समोर तसाच निवून गेला. पण खरा संताप आला तो कार्यपद्धतीचा. आरोपीचे म्हणणे ऐकून न घेता हद्दपारी? मी टोपी चढवली आणि जशीबेनचे दार ठोठावले.

"तमे? तमे तो एना दुश्मन!"

"दुश्मनालाही सुनावणीचा हक्क असतो!" मी गरजलो. "चूक काय झाली, हे तरी त्याला सांगितलंत का?"

त्या गुजरातीत, मी मराठीत. भांडण मात्र एकाच भाषेत चालले होते. अखेर त्या खाली बसल्या, आणि बोटाने जमिनीवर वर्तुळ काढून म्हणाल्या, "जुओ, गरबो गोळ छे. एने छेडो ज नथी. ने आ भाई दर वखते छेडो लावे छे."

गरबा गोल, त्याला शेवटच नाही, आणि हे गृहस्थ दर वेळी शेवट लावतात, हा निकाल मी वर जाऊन जसाच्या तसा कळवला. गृहस्थांनी ती ओळ एका बोटाने वाजवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ती घरी येतच नाही, नाना. दाराशी येते आणि पुन्हा फेरीला निघते."

त्यांनी तो शेवटचा कॉर्ड बदलला. नवा असा अर्धवट होता की त्यावर कोणाला थांबताच येईना. माझ्या हमीवर नवमीला त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. फेर सुरू झाला तो थांबण्याचे नाव घेईना. जशीबेन घामाघूम झाल्या, भाता ओढून गृहस्थांचे दंड भरून आले. "नाना, यांना कुणीतरी थांबवा हो!" ते आनंदाने विव्हळले.

"मला तसा अधिकार नाही," मी म्हणालो.

पुढे त्यांची बदली झाली. सामान टांग्यात चढल्यावर मी म्हटले, "जाता जाता तो तुमचा जुना पूर्णविराम एकदा वाजवा. आता मनाई नाही."

त्यांनी ॲकॉर्डियन पोटाशी घट्ट धरले. "नको, नाना. संपल्यासारखं वाटेल."

आता वर एक शांत, कायदा पाळणारे कुटुंब राहते. चुना पडत नाही. त्यांच्याविरुद्ध लिहावे असे एकही कलम मला सापडत नाही. आणि भाजीवाली ओरडून गेली की मी चहाचा पेला हातात धरून उगाच छताकडे पाहत बसतो.