गेममधला च्याओ

कायफेंगच्या नाटकमंडळीत म्हाताऱ्या च्याओचा आवाज म्हणजे आवाज होता! मंडळी बुडाली तेव्हा त्यानं तो एका कॉम्प्युटर गेमला दिला. गेम जुन्या राजेरजवाड्यांच्या लढायांचा. सेनापती दुसऱ्यांना मिळाले, याच्या वाट्याला आला शेतकरी. शेतकऱ्यावर क्लिक केलं की तो बोलायचा, "आलो, सरकार!" अशी चार-दोन वाक्यं, बास. पुढं घशाला कॅन्सर झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं आणि च्याओ कायमचा मुका झाला.

त्यात बायको, श्यूलान, माणसं विसरायला लागली. च्याओला ती परका समजायची. "हा मुका कुणी बसवलाय घरात? आमचे हे हाक देईपर्यंत मी घास घेणार नाही!" राळ्याची पेज थुंकून टाकायची. नुसती हाडं उरली होती बिचारीची. च्याओ भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा.

शेवटी तो गेमच्या दुकानवाल्या फानकडे गेला. कागदावर लिहून दाखवलं, हात जोडले.

"अहो काका, हा गेम आता कुत्रं तरी खेळतं का?" असं म्हणत फाननं अडगळीतला कॉम्प्युटर आणून घरी लावून दिला.

च्याओनं क्लिक केलं. "आलो, सरकार!"

श्यूलान ताडकन उठून बसली. "अगंबाई! अहो, होतात कुठं इतके दिवस?"

क्लिक. "शेत नांगरतो."

"जेवलात का?"

क्लिक. "धान्य संपलं, सरकार."

नेमकं तेच मेलं वाक्य यायचं होतं! श्यूलाननं हंबरडा फोडला, वाटी भिरकावली. "ते तिकडे उपाशी, आणि मी इथं गिळू?"

च्याओनं घाईनं माउस पुढं ओढला. मग त्याला आठवलं, शेतकऱ्याला सारखं छेडलं की तो वैतागतो. ते वैतागाचं वाक्य रेकॉर्डिंगच्या वेळी त्यानंच घुसडलं होतं, घरी बायकोवर खेकसायचा तेच. तो वेड्यासारखा क्लिक करत सुटला.

"किती हाका मारायच्या त्या! जेवू दे की सुखानं!"

श्यूलान खुदकन हसली. "जेवतायत होय! जेवताना हाक मारलेली कधी खपली नाही यांना." आणि तिनं तोंड उघडलं.

च्याओनं दुसरी वाटी भरून आणली. तो भरवत गेला, ती गिळत गेली. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

पेज संपल्यावर तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि मायेनं त्याचा हात हातात घेतला. "भाऊ, फार केलंत हो माझ्यासाठी. आता आमचे हे आलेत. तुम्ही जा आपल्या घरी, तुमची माणसं वाट बघत असतील."

पुढच्या जेवणाची वेळ होईपर्यंत च्याओ बाहेर पायरीवर बसून राहिला.