माहेरचं कलम

बायकोच्या माहेरचं म्हणून आता एकच उरलंय, ते आमच्या अंगणाच्या कडेचं हापूसचं कलम. गुहागरचं आगर विकलं गेलं, सासूबाईही गेल्या. जाण्याआधी त्यांनी हे कलम स्वतः बांधून हिच्या हाती दिलं होतं. तिथल्या भुसभुशीत जमिनीतून ते आमच्या रत्नागिरीच्या तांबड्या मातीत आलं आणि तीन वर्षं रुसून बसलं. ना उंची, ना पालवी.

मी निवृत्त मास्तर, त्यामुळे सगळं मलाच कळतं. दर ज्येष्ठात सुपर फॉस्फेट खत खोडाभोवती मातीवर भिरकावायचो आणि हात झटकून मोकळा व्हायचो. ही म्हणायची, "अहो, मी सांगत्ये ते ऐका. शेणखतात कालवून, कडेने चर काढून घाला. आई तसंच घालायची."

"तुझी आई कुठल्या कॉलेजात शिकली होती?" एकदा मी बोलून गेलो. बोलायला नको होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

यंदा वैशाखात पानंही झडायला लागली, तेव्हा मी घाबरून प्रयोगशाळेत माती तपासायला दिली. कागदावर आलं, उपलब्ध स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अत्यंत कमी. "तीन वर्षं न चुकता घालतोय मी!" तिथल्या मुलीवर मी खेकसलोच.

ती शांतपणे म्हणाली, "काका, घातलंत ते मातीतच आहे. आपल्या तांबड्या मातीत लोह फार. असं वरून पसरलेलं स्फुरद ते धरून ठेवतं, मुळांना मिळू देत नाही. शेणखतात मिसळून चरात घाला, म्हणजे ती पकड जरा सैल होते."

घरी आलो. ज्येष्ठ लागल्यावर घमेल्यात शेणखत घेतलं, त्यात सुपर ओतलं आणि हाताने कालवायला बसलो. ही पडवीतून बघत होती. मग पदर खोचून समोर येऊन बसली आणि कालवू लागली.

"तुझ्या आईचं बरोबर होतं," मी म्हटलं. फार लाज वाटत होती.

तिचे हात घमेल्यात क्षणभर थांबले. "कोरडं झालंय, पाणी घाला थोडं," एवढंच ती म्हणाली.

गणपतीच्या सुमारास कलमाला तांबूस पालवी फुटली. सकाळी पाण्याची कळशी घेऊन मी मागून जात होतो. ही कोवळ्या पानावरून बोट फिरवत हळू आवाजात सांगत होती, "आई गो, ऐकलं हो ह्यांनी तुझं."

मी कळशी घेऊन तिथेच उभा राहिलो. पुढे जायचा धीर झाला नाही.