आपांच्या अंगणातली वाट

आपा आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर पाहत. आधी त्याच्या पायांकडे पाहत. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत त्यांचे घर होते. वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला मी प्रथम गेले, तेव्हा फाटक उघडून त्यांनी माझे नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीच विचारले नाही. माझ्या चपलांवर नजर ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, चपला तिथंच सोडा. फरशी आत्ताच वाळलीय." मी शाळेत विज्ञान शिकवते हे त्यांना चहा झाल्यावर कळले. खोली मात्र त्यांनी त्याआधीच देऊन टाकली होती, कारण मी चपला काढून त्या जोडीने, भिंतीला लावून ठेवल्या होत्या.

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी त्यांच्या यजमानांनी हे घर बांधले. यजमानांना आम्ही सारे चाचा म्हणत असू. घर साधेच होते. अंगण मात्र ऐसपैस. ओट्याच्या पायरीपासून फाटकापर्यंत शहाबादी फरशी, कडेला पाण्याचा हौद आणि भिंतीलगत मोगऱ्याच्या कुंड्या. घरात आरशावर धूळ बसली तर आपांना चालत असे. अंगणातल्या फरशीवर पान पडलेले मात्र चालत नसे.

त्यांची सफाईची रीत ठरलेली होती आणि तिच्यात क्रमाला फार महत्त्व होते. आधी कोरड्या फरशीवर झाडू फिरवायचा, मग पाणी. पाणी आधी टाकले तर धुळीचा चिखल होतो आणि तो फटींत जाऊन बसतो. फटींतले गवत ओढायचे ते माती ओली असताना, म्हणजे मुळासकट निघते. तेल सांडले तर त्यावर चुलीतली राख पसरून ती रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी झाडून काढायची. फटींतला चुना सुटला की गवंड्याची वाट न पाहता स्वतःच बारीक वाळू आणि चुना कालवून त्या भरायच्या. एकदा मी साबणाचा चुरा देऊ केला. आपा हसून म्हणाल्या, "साबण तुमच्या सुनेला ठेवा बाई. फरशीला लावला की ती रुसते, दिवसभर चिकट तोंड करून बसते." माझे तेव्हा लग्नही झालेले नव्हते.

पावसाळ्यात त्या सर्वांत कडक होत. नारळाची शेंडी आणि चुन्याची निवळी घेऊन त्या उकिडव्या बसत आणि हिरवी झाक दिसली की घासून काढत. दूधवाला त्यांना चिडवत असे, "आपा, एवढं तर आम्ही म्हशीला बी घासत नाय." त्यावर आपांचे उत्तर ठरलेले: "म्हणून तर दुधात माती येती."

हा स्वच्छतेचा छंद आहे, अशी माझी प्रारंभी समजूत होती. एके दिवशी मी एक कुंडी उन्हासाठी जरा पुढे सरकवली. आपांनी ती लगेच उचलून मागे ठेवली. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "चपला काढा, डोळे मिटा आन् चाला."

मी तसे केले. चार पावलांत मला उमगले. पायाखालच्या फरशा गुळगुळीत होत्या. जरा डावीउजवीकडे गेले की तळव्याला खरखर लागत होती. मुळात सगळीच फरशी खरखरीत होती. वर्षानुवर्षे माणसे पायरीवरून फाटकाकडे गेली, आणि मधल्या ओळीतले दगड झिजत गेले. चाचांचे गुलमंडीवर घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली तेव्हा दुकान बंद झाले, पण त्यांनी घरात काठी धरली नाही. "काठी परक्या जागेला," असे ते म्हणत. अनवाणी पायांनी ते ती गुळगुळीत ओळ ओळखत आणि एकटे फाटकापर्यंत जात, तिथे उभे राहून गल्लीतल्या माणसांना आवाजावरून हाका मारत. गुळगुळीत दगडावर शेवाळ धरले तर ते पडले असते. वाटेत कुंडी आली तर ठेचकाळले असते. आपांची सगळी सफाई त्या एका वाटेसाठी होती. बाकीचे अंगण त्या केवळ सोबतीने धूत.

त्यांच्या मुलीचे, नसरीनचे लग्न ठरले त्या वर्षी ही वाट गेली. आपा खुलताबादला नातेवाइकांना आमंत्रण द्यायला गेल्या होत्या, मी शाळेत होते आणि चाचा दुपारचे झोपले होते. थोरला मुलगा सलीम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. अम्मी परत येईपर्यंत अंगण नव्यासारखे करून ठेवावे, या हौसेने त्याने न्हाणीघर धुवायचे ॲसिड आणले आणि सगळ्या फरशीवर ओतले. पांढरा फेस आला. मळ निघतो आहे असे त्याला वाटले आणि त्याने आणखी ओतले. शहाबादी फरशी चुनखडीच्या जातीची. तिच्यावर आम्ल पडले की फेस होऊन निघतो तो मळ नव्हे, दगडच.

मी संध्याकाळी आले तेव्हा आपा नुकत्याच परतल्या होत्या. अंगण पांढुरके दिसत होते. चाचा पायरी उतरून अंगणाच्या मध्यावर आले होते आणि तिथेच थांबले होते. त्यांनी एक पाऊल डावीकडे टाकून पाहिले, एक उजवीकडे. दोन्हीकडे सारखीच खरखर. मग दोन्ही हात किंचित पुढे धरून ते म्हणाले, "आपलं अंगन कुठं गेलं?"

सलीम धावला आणि त्याने त्यांचा हात धरला. चाचांनी तो सोडवून घेतला नाही. आपांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो ते पाहून, असे मला वाटते. नसरीनच्या पाठवणीच्या वेळी तिला फाटकापर्यंत आपण स्वतः, कुणाचा हात न धरता नेणार, असे चाचा महिनाभर सांगत होते. लग्न तोंडावर आले होते.

आपांनी आवाज चढवला नाही. त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, "फरशी नै धोया रे तू. अब्बा का रस्ता पोंछ दिया."

सलीम रात्री जेवला नाही, असे नसरीनने मला सांगितले. सकाळी तो मोझेक घासणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेला आणि घासायचे दगड घेऊन आला, जाड दाण्याचे आणि बारीक दाण्याचे. मग मायलेक समोरासमोर बसले. पाणी शिंपडायचे, आधी जाड दगडाने घासायचे, राखाडी गाळ धुवायचा, मग बारीक दगडाने. सलीम कारखान्यातून येई तो सरळ अंगणात बसे. मीही शाळेतून आल्यावर पाणी ओतायला जात असे. रुंदी एका फरशीची, त्याहून जास्त नाही. सलीमने एकदा शेजारची फरशी घासायला घेतली तर आपांनी त्याच्या हातावर हलकीच चापट दिली.

तपासणीचे काम चाचांकडे होते. घड्याळातले चाक बोटाच्या टोकाने जोखणारा तो माणूस आता तळव्याने दगड जोखत होता. "हितं अजून टोचतंय," ते सांगत आणि सलीम पुन्हा बसे. एकदा ते खोटे रागावून म्हणाले, "मेरे वास्ते ताजमहल बनारै क्या तुम लोगां?" त्या दिवशी सलीम पहिल्यांदा हसला.

लग्नाच्या आदल्या दिवशी फाटकाजवळची एकच फरशी उरली. सलीमने दगड उचलला, तेव्हा आपांनी तो काढून घेतला. "ती राहू दे तशीच," त्या म्हणाल्या. "मानसाला थांबायला बी जागा लागती."

पाठवणीच्या वेळी अंगणात दाटी होती. एका नातेवाइकाने चाचांपुढे हात केला, दुसऱ्याने खुर्ची आणली. चाचांनी दोघांनाही मान हलवून नकार दिला, चपला पायरीवर काढल्या आणि नसरीनचा हात आपल्या हातात घेतला. रडण्याने तिला समोरचे दिसत नव्हते. नेत होते ते चाचाच. पावले सावकाश, पण एकही चाचपडलेले नाही. सगळे लोक नवरीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आपा दारात उभ्या राहून, नेहमीप्रमाणे, पायांकडे पाहत होत्या. फाटकाजवळच्या खरखरीत दगडावर पाऊल पडले आणि चाचा थांबले. त्यांनी नसरीनच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी गेल्यावर ते एकटेच वळले आणि त्याच वाटेने परत आले.

पुढे माझी बदली झाली आणि मी ते घर सोडले. काही वर्षांनी चाचा गेल्याचे कळले, तेव्हा भेटायला गेले. क्रांती चौकातून रिक्षाने येताना मनात धरून चालले होते की आता तिथे चकचकीत टाइल्स बसल्या असतील. नव्हत्या. फाटकातच चपला काढल्या. वाट पूर्वीसारखीच होती, किंबहुना अधिक गुळगुळीत. आपांचे गुडघे गेले होते, उकिडवे बसता येत नव्हते. मी विचारले, आता हे कोण घासते?

"घासायचं सुरुवातीला," आपा म्हणाल्या. "मग नुसतं चालत राहावं लागतं. ते चालायचे. आता मी चालते, सकाळ-संध्याकाळ."

निघताना त्या मला पोहोचवायला आल्या. अनवाणी, मधल्या ओळीवरून, माझ्या खांद्याचा आधारही न घेता. वाटेत त्यांनी डोळे मिटले होते. फाटकाजवळच्या त्या दगडाशी आल्या आणि थांबल्या.