जाऊन येतो

आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांना नोकरी मिळवून देणाऱ्या कक्षात माझ्यासोबत एक कारकून आहेत. घराणं तंजावरचं, घर इथेच चेन्नईत, वेस्ट मांबलमला. माझ्याशी ते जुन्या वळणाचं मराठी बोलतात, मध्येच तमिळ. मुलाखतीला निघालेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच धडा असतो: "निघताना 'जातो' म्हणूं नये. 'पोयिट्टु वरेन' म्हणावें. म्हणजे जाऊन येतो."

केनियाच्या एका विद्यार्थ्याचा व्हिसा संपत आला होता. नोकरीचं पत्र मिळालं नाही, तर त्याला मायदेशी परतावं लागणार होतं. शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत मुलाखत झाल्यावर त्याने हा धडा बिनचूक म्हटला. तिथले साहेब दिल्लीचे. त्यांनी अर्थ विचारला, त्याने सांगितला.

"परत येणार? कधी?"

तो गडबडला. "सोमवारी."

त्याने येऊन हे सांगितलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. कारकुनांनी शांतपणे चष्मा पुसला आणि सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला. "येतो म्हटलें, आतां जायला पाहिजे."

सोमवारी साडेआठला दोघं कंपनीच्या फाटकावर हजर. साहेबांनी अजून कोणालाच निवडलं नव्हतं.

"तुम्ही दोघं कामाला आलात?"

"तो कामाला. मी सोडायला," कारकून म्हणाले.

साहेब हसले. दुपारी पत्र मिळालं.

पत्र दाखवून तो आमच्या कक्षातून निघाला आणि दारातून म्हणाला, "पोयिट्टु वरेन."

कारकुनांनी डायरी उघडली. "केव्हां?"