रियाचा जुना मोबाईल

“मावशी, तिला सोफ्यावर बसवू नका. पाहुणे आलेत, दिसत नाही का?”

मॅडम हे पाहुण्यांसमोरच बोलल्या. माझी दहा वर्षांची पोर चटका बसल्यासारखी उठली. मॅडमनी कपाटातून त्यांच्या मुलीचा, रियाचा जुना मोबाईल काढला आणि तिच्या हातात दिला. “घे. किचनमध्ये गप बसायचं.” आणि मी काय म्हणाले? “लई उपकार झाले, मॅडम.” आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

उस्मानपुऱ्यात मी त्यांचा स्वयंपाक करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला मुकुंदवाडीच्या खोलीवर एकटं कुणाच्या भरवशावर ठेवणार? बरोबर न्यायचे. मोठ्या घरातलं जुनंपानं आम्ही नाकारत नाही. साडी, चपला, फ्रीजमधली कालची भाजी. तसाच मोबाईल घेतला. पोर ओट्याखाली बसून राहायची. हाक मारली तरी मान वर नाही. मला वाटलं, बरं झालं, त्रास नाही.

शाळा सुरू झाली तरी मोबाईल सुटेना. जेवण मात्र सुटलं. मोबाईल काढून घेतला की स्वतःच्या हाताला चावायची. एका सकाळी ती मोरीतून बाहेरच येईना. दार ढकललं. पोर भांड्याच्या तारेच्या घासणीनं गाल घासत होती. गाल सोलला होता.

“मोबाईलमधल्या पोरी गोऱ्या हायेत, आई. मी लई घाण दिसते.”

मोबाईल हिसकावून पिशवीत टाकला, पोरीला शेजारणीजवळ बसवलं आणि कामाला गेले. सुट्टी मागायची हिंमत नव्हती.

मी पोळ्या लाटत होते. मॅडम हॉलमध्ये बहिणीशी फोनवर बोलत होत्या. “रियाचा मोबाईल डॉक्टरांनी बंदच करायला लावला. जेवायची नाही, आरशासमोर रडायची. आता छान आहे. तो दिला कामवालीच्या मुलीला.”

लाटणं हातातच राहिलं. आजारी माणसावरून उतारा ओवाळून तिठ्यावर ठेवतात. तो ओलांडला जाऊ नये म्हणून आम्ही पोरांना हात धरून बाजूनं नेतो. इथं तो माझ्या पोरीच्या हातात दिला गेला आणि मी वर उपकार मानले.

मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला. “तुमची पोर ज्यानं आजारी पडली, ते माझ्या पोरीला कसं दिलं?”

त्या चिडल्या नाहीत. हसल्या. “अहो मावशी, रिया सेन्सिटिव्ह आहे. तुमच्या मुलांना असलं काही होत नाही.”

सात वर्षं त्या घरात मान खाली घालून राबले. त्या दिवशी ती वर झाली.

“व्हतंय, मॅडम. गाल सोलून घेतलाय तिनं. तुमचं काय बी नको आता. काम बी नको.”

कणकेचे हात धुतले आणि निघाले.

भीती गेलेली नाही. पोर मोरीत गेली की मी दाराला कान लावून उभी राहते. पाण्याचा आवाज थांबला की दार वाजवते.

उद्या तिला सरकारी दवाखान्यात नेणार, मनाच्या डॉक्टरकडे. तिथंही कुणी म्हणेल, तुम्हा लोकांना हे कशाला? म्हणू दे. आमच्या पोरींनाही मन असतं आणि ते आजारी पडतं, हे मी डॉक्टरकडून कागदावर लिहून घेणार. त्याशिवाय तिथून हलणार नाही.